परिचारिकेच्या हातांवर उपाय शोधणारा सर्जन

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की गुलमंडीवरच्या गर्दीत व्हॅसलीनच्या डब्या आणि रबरी हातमोजे विचारणाऱ्या बायका दिसू लागतात. भांडी, धुणी, फरशी, पुन्हा भांडी. दिवसातून पंधरा-वीस वेळा पाण्यात जाणाऱ्या हातांना मराठवाड्याची कोरडी हवा सोसत नाही. बोटांच्या पेरांवर चिरा पडतात, मिठाचा हात लागला की डोळ्यांत पाणी उभे राहते. घरात मात्र त्याची दखल फारशी कुणी घेत नाही. थोडे तेल लाव, एवढ्यावर विषय संपतो.

विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनने अशाच हातांची दखल घेतली, आणि त्यातून शस्त्रक्रियेच्या दालनात रबरी हातमोजा आला.

हॉल्स्टेड 1852 साली न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत घरात जन्मला. येल विद्यापीठात तो अभ्यासापेक्षा खेळातच रमला. पुढे डॉक्टर झाला, युरोपात जाऊन शिकला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याचे नाव गाजू लागले. 1884 मध्ये कोकेनने शरीराचा एखादा भाग बधिर करता येतो, हे कळल्यावर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. त्यातून लागलेले व्यसन सोडवण्यासाठी रुग्णालयात राहावे लागले. तिथून सुटला तो मॉर्फिनच्या तावडीत. विल्यम वेल्श या मित्राने 1886 च्या अखेरीस त्याला बाल्टिमोरला बोलावून घेतले. 1889 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि एका मोडलेल्या माणसाला दुसरे आयुष्य मिळाले.

तिथेच शस्त्रक्रिया विभागाची मुख्य परिचारिका म्हणून कॅरोलिन हॅम्प्टन आली. दक्षिण कॅरोलायनातल्या बड्या घराण्यातली ही मुलगी. आई लहानपणीच गेली, यादवी युद्धात घराण्याचा वाडा जळाला आणि आत्यांनी तिला वाढवले. घरच्यांचा विरोध पत्करून ती न्यूयॉर्कला परिचारिकेचे शिक्षण घ्यायला गेली. त्या काळात तिच्यासारख्या घरातली मुलगी रुग्णालयात काम करते, ही गोष्ट साधी नव्हती.

जंतुसंसर्ग टाळण्यासाठी तेव्हा हात कसे धूत, हे वाचले तरी अंगावर काटा येतो. आधी साबण, मग पोटॅशियम परमँगनेट, मग गरम ऑक्झॅलिक ॲसिड आणि शेवटी पाऱ्यापासून केलेले मर्क्युरिक क्लोराइड, हजार भाग पाण्यात एक भाग. 1889-90 च्या हिवाळ्यात कॅरोलिनच्या हातांची आणि कोपरापर्यंतच्या कातडीची आग होऊ लागली, चट्टे उठले. नोकरी सोडण्याखेरीज मार्ग दिसेना.

हॉल्स्टेडने तिच्या हातांचे प्लॅस्टरचे साचे घेतले आणि न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीकडे पाठवून मनगटावर चढणारे पातळ हातमोजे बनवायला सांगितले. (वाळूजमुळे आपल्या ओळखीची झालेली टायरची गुडइयर ही नव्हे; ती कंपनी 1898 सालची.) सुरुवातीला दोन जोड आले. त्यांचा उपयोग झाला, म्हणून आणखी मागवले गेले.

त्याने मलम दिले नाही, हात आणि विष यांच्यामध्ये पडदा घातला. आपल्या घरातही मेख तीच आहे. साबण आणि गरम पाणी कातडीवरचा तेलकट थर काढून नेतात. मग आतला ओलावा उडतो आणि कातडी फाटते. म्हणून पाणी कोमट हवे, अंगठीखाली अडकलेला साबण नीट धुवायला हवा, हात खसाखसा न पुसता टिपून घ्यावेत आणि ते दमट असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळावे. रबरी हातमोज्याच्या आत सुती मोजा घातला की घामाने होणारा त्रास कमी होतो. रबराचीच ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र दुसऱ्या पदार्थाचे मोजे घ्यावेत. चिरांतून पू किंवा पाणी येत असेल तर घरगुती उपचारांत दिवस घालवू नयेत.

गंमत अशी, की 4 जून 1890 रोजी हॉल्स्टेड आणि कॅरोलिनचे लग्न झाले आणि तिची नोकरी सुटलीच. जिच्यासाठी हातमोजे आले, ती ते वापरायला दालनात उरली नाही! मदतनीसांना त्यांची सवय लागली होती. पण याच मोज्यांनी रोग्याचेही रक्षण होईल, हे हॉल्स्टेडसारख्या काटेकोर माणसालाही काही वर्षे सुचले नाही. त्याचा शिष्य जोसेफ ब्लडगुड 1896 पासून स्वतः मोजे घालून शस्त्रक्रिया करू लागला. 1899 मध्ये त्याने हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा जखमा पिकण्याचे प्रमाण किती घटले ते सर्वांना दिसले. आपण इतकी वर्षे आंधळे कसे राहिलो, याचे हॉल्स्टेडला पुढे स्वतःलाच नवल वाटले.

स्तनाच्या कर्करोगावरची आणि हर्नियावरची शस्त्रक्रिया, तरुण सर्जन घडवण्याची पद्धत, असे पुष्कळ काही त्याच्या नावावर आहे. मॉर्फिन मात्र त्याला पुरते सुटले नव्हते. सहकारी डॉक्टर विल्यम ऑस्लरने लिहून ठेवलेली ही हकिगत 1969 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला ते कळले.

पतीपत्नी उन्हाळा नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगरात, हाय हॅम्प्टन इथे काढत. तो डेलियाची फुले वाढवी, ती शेती, घोडे आणि कुत्री सांभाळी. मूलबाळ नव्हते. 7 सप्टेंबर 1922 रोजी हॉल्स्टेड गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅरोलिनही गेली.