वेगाला गाणे शिकवणारा शोपँ

भजनाला पेटीची साथ ऐकतच बुलढाणा जिल्ह्यातली माणसे लहानाची मोठी होतात. शेगाव असो, मेहकर असो वा खामगाव, कीर्तनकाराच्या मागे डाव्या हाताने भाता हलवीत उजव्या हाताने सूर धरणारा पेटीवाला सर्वांच्या ओळखीचा आहे. ही पेटी मूळची पॅरिसची. अलेक्झांडर देबँ या कारागिराने 1842 साली तेथे हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि 1875च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याचे भारतीय रूप दिले. देबँ आपल्या पेटीची जुळवाजुळव करीत होता, त्याच काळात त्याच पॅरिसमध्ये एक कृश, सतत खोकणारा पोलिश तरुण श्रीमंत घरांतील मुलींना पियानो शिकवून उदरनिर्वाह करीत होता. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर मानवी बोटे किती वेगाने आणि किती गोडव्याने चालू शकतात, याचा शोध त्याच्याइतका खोलवर क्वचितच कोणी घेतला असेल. त्याचे नाव फ्रेडरिक शोपँ.

शोपँचा जन्म 1810 साली वॉर्साजवळच्या झेलाझोवा व्होला या खेड्यात झाला. वडील फ्रेंच, आई पोलिश. पहिले गुरू व्होयचेख झिव्हनी हे मुळात व्हायोलिनवादक होते. त्यांनी या मुलाला बाखच्या संगीताची गोडी लावली. पियानोवर बोटे कशी टाकावीत हे मात्र तो बहुतांशी स्वतःच शिकला. सातव्या वर्षी त्याची पहिली रचना छापली गेली. पुढे वॉर्साच्या संगीत विद्यालयात युझेफ एल्सनर यांच्यासारखा जाणता गुरू लाभला. या शिष्याला ठरीव साच्यात बसवायचे नाही, एवढे शहाणपण एल्सनर यांच्याकडे होते.

1829 साली पागानिनी वॉर्सात आला. व्हायोलिनवर अशक्य वाटणाऱ्या गोष्टी सहज करून दाखवणारा हा वादक ऐकून एकोणीस वर्षांचा शोपँ भारावून गेला. त्याच वर्षीच्या शरदात त्याने आपल्या मित्राला, स्वतःच्या पद्धतीने एक सरावाची रचना केल्याचे कळवले. येथून त्याच्या ‘एत्यूद’ची सुरुवात झाली. एत्यूद म्हणजे अभ्यास. आपल्याकडे पलटे आणि अलंकार घोटतात, तसे पियानोवादकही अशा अभ्यासिका घोटत. त्या बहुधा रुक्ष असत. मैफलीत त्या कोणी ऐकवीत नसे. शोपँने पलट्याचीच बंदिश केली.

पहिल्या एत्यूदमध्ये उजवा हात सप्तकामागून सप्तके ओलांडीत वर जातो आणि तसाच खाली येतो. शोपँने दिलेली लय पाळली, तर सेकंदाला जवळजवळ बारा स्वर पडतात. दुसऱ्यात कोमल-शुद्ध असे सगळे लगतचे स्वर मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी धावत घ्यायचे आणि अंगठा व तर्जनीने त्याच हाताची साथ सांभाळायची. हाताची सर्वांत दुबळी बोटे येथे सर्वांत जास्त राबतात. कोणते बोट कोठे पडावे, हे शोपँने जवळजवळ प्रत्येक स्वरावर लिहून ठेवले आहे. चौथ्या एत्यूदमध्ये दोन्ही हात एकमेकांकडून धावते स्वर हिसकावून घेतात. तेथेही सेकंदाला बारा स्वरांचीच चाल आहे. पाचव्यात उजवा हात एका स्वराचा अपवाद वगळता केवळ काळ्या पट्ट्यांवर खेळतो.

2 नोव्हेंबर 1830 रोजी शोपँने वॉर्सा सोडले. महिना संपण्यापूर्वीच पोलंडमध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, पुढच्या वर्षी तो चिरडला गेला आणि शोपँ पुन्हा मायदेशी परतला नाही. वॉर्सा पडल्याची बातमी त्याला श्टुटगार्टमध्ये कळली. बाराव्या एत्यूदमधला डाव्या हाताचा प्रक्षोभ त्या बातमीतून जन्मला, अशी कथा सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. पण ती रचना ऐकताना कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो, हेही खरे.

1831च्या शरदात तो पॅरिसला पोहोचला, तेव्हा काल्कब्रेनर हा तिथला मोठा नावाजलेला पियानोवादक होता. त्याने शोपँला तीन वर्षे आपल्याकडे शिकण्याचा सल्ला दिला. हा प्रस्ताव वरवर मानाचा होता, पण त्यात मोठा धोका होता. काल्कब्रेनर विद्यार्थ्यांच्या हातांसाठी पट्ट्यांपुढे एक दांडी बसवी. हात तिच्यावर टेकवून केवळ बोटे हलवायची आणि सगळी बोटे सारखी बळकट करायची. त्या काळी ही यंत्रे लोकप्रिय होती. शोपँच्याच वयाच्या रॉबर्ट शूमानच्या उजव्या हाताचे बोट 1832च्या सुमारास कायमचे निकामी झाले आणि त्याचे वादक होण्याचे स्वप्न संपले; बोट बळकट करण्याच्या उपकरणाचा त्यात वाटा असावा, असे मानले जाते. शोपँने काल्कब्रेनरचा मान राखला, आपला एक कन्चेर्तो त्याला अर्पण केला, आणि त्याचे शिष्यत्व मात्र टाळले.

पहिले बारा एत्यूद 1833 साली प्रसिद्ध झाले ते फ्रान्झ लिस्टला अर्पण होऊन. लिस्टच्या हातून हे एत्यूद ऐकताना आपणही तसे वाजवावे, असे खुद्द शोपँला वाटे. आणखी बारा 1837 साली आले.

हे कठीण काम शिकवायचे कसे, याबाबत शोपँचे विचार काळाच्या फार पुढचे होते. बोटे सारखी नाहीत, मग ती सारखी करण्याचा अट्टहास कशाला, असा त्याचा रोख होता. प्रत्येक बोटाची ताकद वेगळी, म्हणून प्रत्येकाचा नादही वेगळा. तो वेगळेपणा वापरायचा. नवा विद्यार्थी आला की त्याचा हात तो एका ठरावीक जागी ठेवी. पेटीच्या भाषेत सांगायचे तर अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटे काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, करंगळी पांढरी सातवर. लांब बोटांना उंच पट्ट्या आणि आखूड बोटांना खालच्या, अशी हाताची नैसर्गिक बैठक त्यातून सापडते. म्हणूनच पांढरी सातला षड्ज मानून होणारे सप्तक तो आधी शिकवी. पांढरी एकचे सप्तक, जे सर्वत्र नवशिक्याला प्रथम दिले जाते, ते वाचायला सोपे पण वाजवायला सर्वांत अवघड म्हणून शेवटी ठेवी.

1839 साली व्हिएन्नाहून आलेल्या फ्रीडेरिके म्युलर या शिष्येला त्याने पहिला एत्यूद सकाळी अतिशय विलंबित लयीत घोटायला लावला. मनगट सैल हवे आणि स्वर मोकळा हवा. वेग मागाहून येईल. कोणी दिवसाचे सहा तास सराव केल्याचे ऐकले की तो अस्वस्थ होई; तीन तास पुष्कळ झाले, असे त्याचे मत होते. मन हजर नसताना फिरणारी बोटे त्याला मान्य नव्हती. त्याऐवजी थोर गायक-गायिका ऐकाव्यात, श्वास कोठे घेतात ते पाहावे, असा त्याचा सल्ला असे. आपल्याकडे पेटीवाल्याला गवयाच्या मागे बसवूनच तयार करतात, त्याची येथे आठवण व्हावी.

वीस फ्रँक घेऊन दिवसाला पाच-पाच शिकवण्या करणारा हा गुरू स्वतः जाहीर कार्यक्रमांना घाबरे. आयुष्यभरात त्याने जेमतेम तीस जाहीर मैफली केल्या. छाती पोखरत चालली होती. लेखिका जॉर्ज सांद हिच्या सहवासात काही वर्षे बरी गेली. 1847 साली तेही संपले. 16 फेब्रुवारी 1848 रोजी पॅरिसमधल्या अखेरच्या मैफलीत, जोरकस वाजवण्याचा आपणच लिहिलेला भाग त्याने अगदी हळुवार वाजवला. हातात बळ उरले नव्हते; पण ऐकणाऱ्यांना ते इतके सुंदर वाटले की नेमके बरोबर कोणते, असा प्रश्न पडावा.

17 ऑक्टोबर 1849 रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. देह तेथेच पेर लाशेझच्या दफनभूमीत विसावला. हृदय बहीण लुडविका हिने वॉर्साला नेले. पियानोवादनावर त्याने लिहायला घेतलेला ग्रंथ काही पानांच्या टिपणांपलीकडे गेला नव्हता. त्याची शिकवण पुढे गेली ती शिष्यांच्या हातांतून. त्यांपैकी कारोल मिकुली याने ती लव्होव शहरात जपली, आणि मिकुलीकडे बालपणी शिकलेल्या राऊल कोचाल्स्कीने विसाव्या शतकात ध्वनिमुद्रित केलेले शोपँचे एत्यूद आजही ऐकायला मिळतात.