कवी झाला शाळा-तपासनीस : मॅथ्यू अर्नॉल्ड



शाळेत साहेब तपासणीला येणार अशी वर्दी आली की काय धांदल उडते, हे आपणांपैकी प्रत्येकाने विद्यार्थी, शिक्षक किंवा पालक म्हणून पाहिलेच असेल. भिंतींना चुना लागतो, तक्ते झटकून टांगले जातात, हजेरीपट पुरे होतात आणि हुशार मुले पुढच्या बाकावर येऊन बसतात. जुनी माणसे या साहेबांना 'दिपोटी' म्हणत. दिपोटी येत, चार प्रश्न विचारीत, शेरा लिहीत आणि निघून जात. त्या शेऱ्यात काय लिहिले आहे हे संस्थाचालकांना कळे, मुख्याध्यापकांना कळे. पण ज्या मुलासाठी शाळा उघडली त्याच्या आईबापांना त्यातले अक्षरही कळत नसे.

मग ही तपासणी असते तरी कुणासाठी? सरकारच्या पैशासाठी, शाळेच्या नावासाठी, की मुलासाठी? हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज तपासनिसाने आपल्याच सरकारला विचारला. त्याचे नाव मॅथ्यू अर्नॉल्ड. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो कवी व टीकाकार म्हणून परिचित आहे. पण आयुष्याची ३५ वर्षे त्याने गरिबांच्या शाळा तपासण्यात घालवली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या वाचकांनी हा दुसरा अर्नॉल्ड ओळखावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मॅथ्यूचा जन्म २४ डिसेंबर १८२२ रोजी थेम्स नदीकाठच्या लेलहॅम या गावी झाला. वडील डॉ. थॉमस अर्नॉल्ड १८२८ पासून रग्बी येथील नामांकित शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांचा दरारा सर्व इंग्लंडभर होता. अशा बापाचा हा मुलगा मात्र तरुणपणी ऐटबाज कपड्यांचा आणि थट्टामस्करीचा शौकीन होता. ऑक्सफर्डला त्याने कवितेचे पारितोषिक मिळवले, पण पदवी परीक्षेत पहिला वर्ग काही मिळाला नाही. १८४७ मध्ये तो लॉर्ड लॅन्सडाउन यांचा खाजगी चिटणीस झाला. पुढे लग्न ठरले आणि संसाराला पुरेल अशी नोकरी हवी झाली. लॅन्सडाउन यांच्या शिफारशीने एप्रिल १८५१ मध्ये त्याला शाळा-तपासनिसाची जागा मिळाली आणि जूनमध्ये लग्न झाले. म्हणजे शिक्षणाच्या ओढीने नव्हे, तर पोटापाण्यासाठी हा कवी शाळेच्या दारात आला. हे त्याने स्वतः पुढे निवृत्तीच्या वेळी शिक्षकांसमोर मोकळेपणाने सांगितले.

त्या वेळी इंग्लंडमध्ये तपासणीची स्थिती काय होती ते थोडक्यात पाहू. गरिबांच्या शाळा धर्मसंस्था चालवीत. १८३३ पासून सरकार त्यांना थोडी मदत देऊ लागले आणि १८३९ मध्ये पहिले तपासनीस नेमले गेले. १८४० साली या तपासनिसांना ज्या सूचना दिल्या गेल्या, त्यांचा आशय आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तपासणी म्हणजे हुकमत नव्हे, ती मदत आहे. जिथे मदत मागितली जाईल तिथे ती द्यावी, असे त्यांत बजावले होते. इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या शाळा तपासण्याचे काम धर्मोपदेशकांकडे असे. त्या चर्चबाहेरच्या पंथांनी, म्हणजे तिथल्या धार्मिक अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना मात्र धर्मोपदेशक नसलेला तपासनीस हवा असे. अर्नॉल्डच्या वाट्याला या अल्पसंख्याकांच्याच शाळा आल्या. त्या दूरदूर विखुरलेल्या असल्याने त्याला अनेक परगण्यांत फिरावे लागे. आगगाडीचा प्रवास, थंडगार खोल्या, वाटेत मिळेल ते खाणे आणि रात्री उत्तरपत्रिकांचे ढीग, असा त्याचा दिनक्रम असे. पहिली काही वर्षे त्याला हे काम अगदी नकोसे वाटे. पण हळूहळू त्याला शिक्षकांचे कष्ट दिसू लागले आणि त्याचे मन त्या कामात रमले.

याच धावपळीत त्याने काव्यही लिहिले. १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे 'सोहराब अँड रुस्तम' हे काव्य फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तील कथेवर आहे. नकळत पोटच्या मुलाला ठार करणाऱ्या बापाची ही कहाणी आपल्या घराघरांतून वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आहे. अर्नॉल्डला ती मिळाली सर जॉन माल्कम यांच्या इराणच्या इतिहासातून. आणि हे माल्कम साहेब म्हणजे १८२७ ते १८३० या काळातले मुंबईचे गव्हर्नर. १८७१ साली अर्नॉल्डने इराणातील मोहरमच्या ताजियांवर आणि करबल्याच्या शोकनाट्यावरही एक लेख लिहिला. परक्या धर्मातील श्रद्धेकडे आदराने पाहण्याची वृत्ती त्याच्यात होती, एवढे यावरून दिसते.

हिंदुस्थानशी त्याचे आणखी जवळचे नाते होते. त्याचा धाकटा भाऊ विल्यम हा पंजाब प्रांताचा पहिला शिक्षण संचालक. मायदेशी परतताना १८५९ मध्ये जिब्राल्टर येथे त्याचे निधन झाले. त्याची पत्नी आधीच हिंदुस्थानात वारली होती. पोरक्या झालेल्या चार मुलांना मॅथ्यूची बहीण जेन आणि तिचे पती विल्यम फॉर्स्टर यांनी आपल्या घरी नेऊन वाढवले. या फॉर्स्टर यांचे नाव आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १८६२ साली शिक्षण खात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी अनुदानाचे नवे नियम लागू केले. 'निकालाप्रमाणे पैसा' असे त्यांचे सार होते. शाळेला सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. याखेरीज सहा वर्षांवरील जे मूल वर्षात २०० हून अधिक वेळा हजर असेल, त्याच्यामागे ८ शिलिंग मिळत. पण त्यासाठी तपासनिसापुढे वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्ही विषयांत त्याने पास व्हावे लागे. एका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. तिन्हींत नापास झाले की आठही शिलिंग जात. शिक्षकांना सरकारकडून थेट मिळणारे पैसे बंद झाले. शाळेला जे अनुदान मिळेल त्यातूनच त्यांचा पगार निघायचा. म्हणजे मुलाची एक चूक आणि मास्तरांच्या घरची चूल यांची गाठ सरकारने बांधून टाकली.

लो यांचा हिशेब साधा होता : शिक्षण स्वस्त तरी होईल, नाहीतर चांगले तरी होईल. अर्नॉल्डला मात्र यातला धोका लगेच दिसला. नियम अजून चर्चेत असतानाच, मार्च १८६२ मध्ये त्याने एका मासिकात निनावी लेख लिहून त्यांवर कडक टीका केली. सरकारी नोकराने आपल्याच वरिष्ठाविरुद्ध लिहिणे म्हणजे नोकरी पणाला लावणे होते, आणि घरी बायकामुले होती. तरीही तो लिहायचा थांबला नाही.

पुढे वर्षानुवर्षे आपल्या अधिकृत अहवालांतूनही त्याने हेच मांडले. पूर्वी तपासनीस वर्गात बसे, शिकवणे पाही, मुलांना समजले आहे का ते अजमावी आणि मास्तरांशी बोले. आता प्रत्येक मुलाला उभे करून पास-नापासची खूण करण्यातच त्याचा सारा दिवस जाई. शाळेचा जीव पाहायला वेळच उरत नसे. ज्या तीन विषयांना पैसा होता तेवढेच शिकवले जाऊ लागले. इतिहास, भूगोल, व्याकरण मागे पडले. शिकाऊ शिक्षकांची संख्या रोडावली. १८६९ च्या अहवालात तर त्याने स्पष्टच नोंदवले की, युक्तीने तयारी करून घेतली तर मुलाला खरोखर लिहिता, वाचता, मोजता येत नसतानाही परीक्षेत पास करून घेता येते. मुले वर्षभर एकच पुस्तक घोकीत आणि तपासनिसापुढे ते घडाघडा म्हणून दाखवीत. दुसरे पुस्तक हाती दिले की गप्प! वाचकहो, हा प्रकार आपल्या ओळखीचा वाटतो की नाही?

यात शिक्षकांचा दोष आहे असे अर्नॉल्डने मानले नाही. नियमच असा असेल तर माणूस तसाच वागणार, असे त्याचे म्हणणे होते.

तपासनिसांचे अहवाल लोकांपुढे पूर्ण स्वरूपात यावेत की नाही, हा वादही त्याच काळात पेटला. सरकारी धोरणाविरुद्ध असलेला मजकूर छापण्यापूर्वी अहवालांतून गाळला जातो, असा आरोप १८६४ मध्ये पार्लमेंटमध्ये झाला. ठराव मंजूर झाला आणि लो यांना राजीनामा द्यावा लागला. नंतरच्या चौकशीत त्यांच्यावरचा ठपका दूर झाला हे खरे. पण तपासणीचे सत्य झाकून ठेवता येत नाही, हा धडा सर्वांना मिळाला.

आणि आता फॉर्स्टर साहेब. १८७० चा प्राथमिक शिक्षण कायदा त्यांनीच आणला. त्या कायद्याच्या सातव्या कलमात आपल्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी आहेत. कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणाच्या तासाला बसवायचे की नाही हे पालकाने ठरवावे. त्या तासाच्या वेळा वेळापत्रकात लिहून ते प्रत्येक वर्गात ठळक जागी कायम लावलेले असावे. शाळा सरकारी तपासनिसाला केव्हाही खुली असावी, पण धर्मज्ञानाची तपासणी त्याने करू नये. आणि हे सारे नियम शाळेत सर्वांना दिसतील असे टांगावेत. पालकाचा हक्क नुसता कायद्याच्या पुस्तकात न राहता शाळेच्या भिंतीवर आला. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदातही, अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, हेच तत्त्व आहे.

याच कायद्यानंतर पंथवार तपासणी संपली आणि अर्नॉल्डकडे लंडनमधील वेस्टमिन्स्टरचा भाग आला. घरी मात्र दुःखाचे डोंगर कोसळत होते. १८६८ या एकाच वर्षात त्याचे दोन मुलगे गेले. १८७२ मध्ये तिसरा गेला. तरीही तो शाळांतून जात राहिला. मुलांशी तो मायेने बोले आणि गुण देताना हात सैल सोडी, अशी त्याची ख्याती होती. बढतीला मात्र फार वेळ लागला. मुख्य तपासनीस हे पद त्याला १८८४ मध्ये, निवृत्तीच्या अवघी दोन वर्षे आधी मिळाले. १८८६ मध्ये तो निवृत्त झाला. अमेरिकेहून येणाऱ्या मुलीला भेटायला लिव्हरपूल येथे गेला असताना, १५ एप्रिल १८८८ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

निकालाप्रमाणे पैसा ही पद्धत मोडताना पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १८९० पासून ती टप्प्याटप्प्याने रद्द होत गेली. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी हीच पद्धत आली होती. १९०४ च्या सरकारी ठरावात तिच्यावर टीका झाल्यावर ती मागे पडली. इंग्लंडात तपासणीचे अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध होण्यास १९८३ साल उजाडावे लागले. १९९२ च्या कायद्याने अहवालाचा सारांश प्रत्येक पालकाला पोचवणे आणि तपासणीपूर्वी पालकांची सभा घेणे हे शाळेचे कर्तव्य ठरवले. पुढे संपूर्ण शाळेला एकाच शब्दात शेरा देण्याची पद्धत रूढ झाली. तीही २०२४ मध्ये सोडून द्यावी लागली, कारण शाळा एका शब्दात मावत नाही. अर्नॉल्ड हयात असता तर त्याला याचे नवल वाटले नसते.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन-चतुर्थांश जागा दिल्या. पण हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. संस्था चालवण्याचा आपला घटनादत्त हक्क त्यामुळे अबाधित राहिला, ही समाधानाची बाब आहे. परंतु हक्काबरोबर जबाबदारीही येते. कायद्याने भाग पाडले नाही म्हणून पालकांना अंधारात ठेवायचे काय? आपले बहुतेक पालक कष्टकरी आहेत. कुणी हातगाडी लावतो, कुणी गॅरेजमध्ये राबतो, कुणी आखातात आहे. आणि कित्येक माता स्वतः शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांना शेरेबुक वाचता येणार नाही. म्हणून ते त्यांच्यापुढे उघडून, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवण्याचे काम आपले आहे. तपासणीत काय चांगले निघाले आणि काय उणे निघाले, दोन्ही पालक सभेत सांगावे. उणे सांगितल्याने शाळेची अब्रू जात नाही. उलट पालकाचा भरवसा वाढतो आणि तो आपल्या मदतीला येतो.

आणि साहेब येणार म्हणून मुलांना पाठ करून घेण्याचा मोह आपण शिक्षकांनी आवरावा. अडखळणारे मूल मागच्या बाकावर लपवू नये. तपासणीची खरी गरज त्यालाच असते.