रुग्ण सोडले, धातू सापडला

खांडबाऱ्यातल्या औषधाच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला गोळीचं नाव माहीत असतं, किंमत माहीत असते, ती कधी घ्यायची हेही पाठ असतं. ती कशी तयार झाली, हे सहसा कुणी विचारत नाही. लोसार्टन हे असंच एक नेहमीचं औषध. त्याच्या रेणूत कार्बनची दोन षटकोनी कडी एकमेकांना थेट जोडलेली असतात. हा सांधा जुळवण्याची एक प्रसिद्ध पद्धत पॅलेडियम या पांढऱ्या, महागड्या धातूच्या जोरावर चालते. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं या धातूचं काम असतं. दोन्हीकडच्यांना जवळ आणायचं, गाठ पडली की बाजूला व्हायचं आणि पुढच्या घरी जायचं.

हा धातू शोधणारे विल्यम हाइड वुलस्टन डॉक्टर होते, पण रुग्ण तपासणं त्यांनी सोडून दिलं होतं.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ रोजी इंग्लंडमधल्या ईस्ट डेरहॅम या गावी झाला. वडील धर्मोपदेशक, शिवाय हौशी खगोल अभ्यासक. घरात मुलांचं मोठं खटलं. केंब्रिजला वैद्यकाचं शिक्षण घेऊन वुलस्टन १७९३मध्ये एम.डी. झाले आणि त्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत, रॉयल सोसायटीचे सदस्यही झाले. लहान गावांत काही वर्षं दवाखाना चालवून १७९७मध्ये ते लंडनला आले.

त्याच वर्षी त्यांनी मुतखड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मूत्राशयातले खडे युरिक आम्लाचे असतात, हे शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने आधीच दाखवलं होतं. वुलस्टन यांनी अनेक खडे तपासून सांगितलं, की सगळे खडे एका जातीचे नसतात. काही चुन्याच्या फॉस्फेटचे असतात, काही ऑक्झलेटचे, काहींत मॅग्नेशियम आणि अमोनिया असतो. गाऊटच्या रुग्णाच्या सांध्यांवर ज्या पांढऱ्या गाठी येतात त्या युरिक आम्लाच्या क्षाराच्या असतात, हेही त्यांनीच दाखवलं. आज शस्त्रक्रियेत निघालेला खडा डॉक्टर तपासणीला पाठवतात आणि अहवाल बघून पथ्य सांगतात, त्यामागचा विचार हाच आहे.

इतकं नेमकं पाहणारा माणूस रुग्णाच्या खाटेशी मात्र अस्वस्थ व्हायचा. उपाय नसलेल्या आजाऱ्यांची काळजी त्यांना झेपत नव्हती, आणि त्या काळी बहुतेक आजारांवर उपाय नव्हताच. घरच्या वारशातून थोडा पैसा हाती आला होता. १८००मध्ये, चौतिशीत, त्यांनी डॉक्टरकी सोडली. हा निर्णय पळपुटेपणाचा म्हणायचा की प्रामाणिकपणाचा, यावर मतभेद होऊ शकतील.

त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी वुलस्टन आणि त्यांचे मित्र स्मिथसन टेनंट यांनी भागीदारीत सुमारे ६००० औंस कच्चं प्लॅटिनम विकत घेतलं. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतीतून चोरट्या मार्गाने आलेला हा माल होता. प्लॅटिनम गंजत नाही आणि आम्लाला दाद देत नाही, पण त्या काळच्या भट्टीत ते वितळायचंही नाही. ठोकायला जावं तर तडकायचं. ते शुद्ध आणि लवचिक करण्याची कृती ज्याच्या हाती येईल, त्याची ददात मिटणार होती.

कामाची वाटणी झाली. खनिज अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळवायचं. खाली जो काळा गाळ उरेल तो टेनंट यांचा, वरचं द्रावण वुलस्टन यांचं. टेनंट यांना गाळात इरिडियम आणि ऑस्मियम हे दोन नवे धातू सापडले. वुलस्टन द्रावणात नवसागर टाकत. कल्हईवाला भांड्यावर फिरवतो तोच हा नवसागर. त्याने प्लॅटिनम पिवळ्या साक्याच्या रूपात खाली बसायचं. उरलेल्या पाण्यात खरं तर आता काही विशेष असायला नको होतं. पण हिशेब जुळत नव्हता. १८०२च्या उन्हाळ्यात त्या उरलेल्या पाण्यातून एक पांढरा धातू निघाला. नुकताच पॅलस नावाचा लघुग्रह सापडला होता, त्यावरून त्याचं नाव पॅलेडियम ठेवलं. पुढे १८०४मध्ये त्याच द्रावणातून ऱ्होडियमही निघालं.

नवा धातू सापडला की शास्त्रज्ञ तो जाहीर करतो. वुलस्टन यांनी तो दुकानात विकायला ठेवला. एप्रिल १८०३मध्ये लंडनच्या सोहो भागात निनावी पत्रकं वाटली गेली. पॅलेडियम किंवा नवी चांदी मिळेल, पत्ता जेरार्ड स्ट्रीटवरचं मिसेस फॉर्स्टर यांचं दुकान. कुणी शोधली, कशातून काढली, याचा पत्ता नाही.

रिचर्ड चेनेविक्स या आयरिश रसायनतज्ज्ञाला यात फसवणुकीचा वास आला. त्यांनी दुकानातला बहुतेक साठा विकत घेतला, प्रयोग केले आणि रॉयल सोसायटीपुढे जाहीर केलं, की हा नवा धातू नाहीच, प्लॅटिनम आणि पाऱ्याची ही मिश्रणं आहेत. त्याच वर्षी चेनेविक्स यांना सोसायटीचं मानाचं कोपली पदकही मिळालं. इतरांना तशी मिश्रणं काही साधेनात. मग डिसेंबरात एका नियतकालिकात पुन्हा एक निनावी घोषणा आली: कुणी तज्ज्ञांसमक्ष वीस ग्रेन पॅलेडियम बनवून दाखवलं तर त्याला वीस पौंड इनाम. इनाम न्यायला कुणीच आलं नाही. अखेर फेब्रुवारी १८०५मध्ये वुलस्टन यांनी शोध आपला असल्याचं कबूल केलं. तोवर चेनेविक्स यांचं पुरतं हसं झालं होतं.

लपवाछपवीचं कारण उघड आहे. पॅलेडियम कुठून आलं हे सांगितलं असतं, तर प्लॅटिनम शुद्ध करण्याच्या कृतीचा माग प्रतिस्पर्ध्यांना लागला असता. शोधाचा मान हवा होता आणि धंद्याचं गुपितही राखायचं होतं. यात एका सहकाऱ्याची नाचक्की झाली, हे वुलस्टन यांच्या चरित्रातलं न शोभणारं पान आहे. प्लॅटिनमने मात्र त्यांना श्रीमंत केलं. बंदुकीचे बत्तीचे कान आणि गंधकाम्ल आटवण्याची भांडी यांसाठी त्याला मागणी होती.

पॅलेडियम पडूनच राहिलं. दोन दशकांत त्यांनी सुमारे ४७ हजार औंस खनिज हाताळलं, त्यातून पॅलेडियम निघालं जेमतेम ३०० औंस, आणि त्यालाही गिऱ्हाईक फारसं नव्हतं.

त्याची खरी किंमत कळायला पुढच्या पिढ्या याव्या लागल्या. १८६६मध्ये टॉमस ग्रॅहम यांनी दाखवलं, की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतं. म्हणजे इतर रेणूंना हायड्रोजन जोडून देण्यासाठी हा हक्काचा धातू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्बनला कार्बन जोडण्याच्या त्याच्या क्रिया सापडल्या आणि त्यासाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१०चं नोबेल मिळालं.

महाग धातू कमीत कमी वापरायचा तर त्याचे कण बारीक हवेत, कारण काम फक्त पृष्ठभागावर होतं. एक सेंटिमीटरचा पॅलेडियमचा चौकोनी ठोकळा घेतला तर त्याचा सगळा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास सहा गुंठे. अंगठ्याच्या नखावर मावणाऱ्या धातूतून सहा गुंठ्यांचं शेत. अडचण अशी, की हे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि शेत पुन्हा आक्रसतं. म्हणून ते कोळशाच्या भुकटीवर किंवा अॅल्युमिनासारख्या आधारावर बसवतात. काम झालं की चहाची पावडर गाळावी तसं गाळून पुन्हा वापरायचं.

गाळण्याचा संबंध आरोग्याशीही आहे. तोंडाने घ्यायच्या औषधांतून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षा, जास्त पोटात जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. खांडबाऱ्याहून रेल्वेने सुरत गाठली की वर अंकलेश्वर आणि खाली वापी, दोन्हीकडे रसायनांच्या मोठ्या वसाहती आहेत. नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत कामाला जाणाऱ्यांना हा पट्टा ओळखीचा आहे. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या अशा ठिकाणी धातू परत मिळवणं हा पैशाचाही प्रश्न असतो आणि औषधाच्या शुद्धतेचाही.

१८०५मध्ये यातलं काहीच दिसत नव्हतं. रुग्ण सोडलेले वुलस्टन पुन्हा खड्यांकडे वळले. १८१०मध्ये पाच वर्षांच्या एका मुलाच्या मूत्राशयातून निघालेल्या खड्यात त्यांना अगदी वेगळा पदार्थ आढळला. तो सिस्टीन. पुढे कळलं, की हे एक अमिनो आम्ल असून आपल्या केसांत आणि नखांत ते भरपूर असतं. काही कुटुंबांत ते आनुवंशिक दोषामुळे लघवीत उतरतं आणि लहान वयातच खडे होतात.

लगेच पुढच्या वर्षी त्यांची चूकही झाली. मधुमेह्याच्या लघवीत साखर असते हे माहीत होतं. रक्तात ती सापडते का, हे त्यांनी तपासलं आणि नसते, असा निष्कर्ष छापला. त्यांची तपासणी रक्तातली थोडी साखर पकडण्याइतकी तीक्ष्ण नव्हती. हाताच्या कौशल्यासाठी नावाजलेल्या माणसाला इथे त्याच्या साधनाने दगा दिला. त्यांचं साहित्य तसंही मोजकंच असायचं. एका पाहुण्याने प्रयोगशाळा दाखवा म्हटल्यावर त्यांनी चहाच्या तबकात मावेल एवढं सामान पुढे केलं, असा किस्सा सांगतात.

सर्वांत बारकाईने त्यांनी तपासलं ते स्वतःलाच. एकदा खूप श्रमानंतर त्यांना समोरच्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसू लागला. दारावरच्या पाटीवर जॉन्सन लिहिलेलं असताना नजरेला फक्त शेवटचं सन दिसलं. थोड्या वेळात दृष्टी पूर्ववत झाली. बऱ्याच वर्षांनी पुन्हा तसंच झालं, या वेळी दुसरी बाजू गेली. कुठलाही एक डोळा मिटला तरी अर्धं दिसेनासं राहत होतं, म्हणजे दोष डोळ्यात नव्हता. त्यावरून १८२४मध्ये त्यांनी मांडलं, की प्रत्येक डोळ्याच्या नसेतले निम्मे तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात आणि निम्मे त्याच बाजूला राहतात. न्यूटन यांनीही पूर्वी असा तर्क केला होता. आजही अर्धी दृष्टी गेलेला रुग्ण आला की डॉक्टर डोळ्याबरोबर मेंदूचाही विचार करतात.

पुढे डावा हात बधिर होऊ लागला. दुखणं मेंदूत आहे हे त्यांनी ओळखलं आणि राहिलेली टिपणं भराभर सांगून लिहवून घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर १८२८मध्ये प्लॅटिनमची अठ्ठावीस वर्षं जपलेली कृती रॉयल सोसायटीत वाचली गेली, अगदी भुकटी कशी दाबायची इथपर्यंत. संशोधनासाठी सोसायटीला त्यांनी दोन हजार पौंड दिले, भूगर्भशास्त्राच्या संस्थेला एक हजार. त्या हजारातून वुलस्टन पदक सुरू झालं. १८३७मध्ये ते शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांच्या शोधासाठी फॉकनर आणि कॉटली यांना मिळालं. पुढे हे पदक पॅलेडियमचं घडवलं जाऊ लागलं.

डिसेंबरात वाचा गेली. खाटेभोवती जमलेल्या मित्रांपैकी कुणीतरी म्हणालं, की आता त्यांना शुद्ध नाही. वुलस्टन यांनी खुणेने कागद आणि पेन्सिल मागितली, आकड्यांची एक रांग लिहिली, बेरीज केली आणि कागद परत दिला. बेरीज बरोबर होती. २२ डिसेंबर १८२८ रोजी ते गेले. नंतर तपासलं तेव्हा मेंदूच्या उजव्या भागात, दृष्टीच्या तंतूंच्या वाटेजवळ, मोठी गाठ आढळली.