सामू शोधणारे सोरेनसन



मागल्या साली बाबांनी आमच्या वावरातली माती तपासून आणली. पत्रिकेवर लिहून आले, सामू ८.६. आजीने विचारले, हा सामू कोणाचा पोट्टा आहे? सगळे हसले, पण उत्तर कोणालाच देता आले नाही. मग मी गुरुजींना विचारले. त्यांनी ज्यांची माहिती सांगितली, त्या शास्त्रज्ञाचे हे चरित्र.

सोरेन सोरेनसन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्क देशातील एका खेड्यात झाला. वडील शेतकरी होते. अठराव्या वर्षी ते कोपनहेगनच्या विद्यापीठात गेले. आधी डॉक्टर व्हायचे मनात होते, पण पुढे रसायनशास्त्राची गोडी लागली. १९०१ साली ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायन विभागाचे प्रमुख झाले. बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने ती प्रयोगशाळा काढली होती.

तेथे सोरेनसन विकरांचा अभ्यास करत. आंबटपणा थोडा जरी बदलला तरी विकरांचे काम मंदावते. म्हणून आंबटपणा नेमका मोजणे जरूर होते. किती आम्ल ओतले एवढे मोजून भागत नव्हते. काही आम्लांचे जवळजवळ सगळे कण पाण्यात फुटतात, तर काहींचे थोडेच. फुटल्यावर जे हायड्रोजन आयन सुटतात, खरा आंबटपणा त्यांचा. पण त्यांचे आकडे फार बारीक, लिहिता लिहिता माणूस थकेल!

१९०९ साली सोरेनसन यांनी सोपी युक्ती काढली. शंभर लिटर लिंबाच्या रसात सुमारे १ ग्रॅम हायड्रोजन आयन असतात. शंभरात शून्ये २, म्हणून अंक २. तेवढेच आयन मिळवायला शुद्ध पाणी १ कोटी लिटर लागेल. कोटीत शून्ये ७, म्हणून अंक ७. या अंकाला त्यांनी पीएच नाव दिले. आपण त्यालाच सामू म्हणतो. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. साबणाचे पाणी आणि चुन्याची निवळी सातच्या वर असते. एक अंक बदलला की दहापट फरक पडतो.

शुद्ध पाण्याचेही थोडे कण सारखे फुटतात आणि तितकेच परत जुळतात. जसे दोन पोट्टे पाणी प्यायला वर्गाबाहेर जातात, तोवर दोन आत येतात. ये-जा चालूच राहते, पण पट तेवढाच. याला समतोल म्हणतात. लिंबू पिळले की हायड्रोजन आयन वाढतात, त्यांचे जोडीदार हायड्रॉक्साइड आयन घटतात आणि नवा समतोल बसतो.

सोरेनसन यांच्या पत्नी मार्गरेथ यांनीही त्यांच्यासोबत संशोधन केले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी सोरेनसन वारले. पण त्यांचा अंक आज आपल्या घरच्या कागदावर आहे.

आमच्या वावराचा ८.६ म्हणजे जमीन अल्काकडे झुकलेली. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-भातकुलीकडे, अशा चोपण जमिनी पुष्कळ आहेत. त्यात पाणी लवकर मुरत नाही. संत्र्याला तर साडेसहा ते साडेसात सामू मानवतो. जिप्सम आणि शेणखत किती टाकायचे, हे तपासणीवरूनच ठरते. अंदाजाने टाकले तर पैसा जातो अन् पीकही येत नाही.

मित्रांनो, मातीची पत्रिका घरी पेटीत पडली असेल तर आजच काढा आणि आई-बाबांना सामू वाचून दाखवा. आमची आजी तर आता शेजारणीला सांगते, सामू सातच्या जवळ पाहिजे बाई!