होडीचे इंजिन

मुलांनो, तुम्ही कोकणच्या किनाऱ्यावर कधी गेलात, तर मच्छीमारांच्या लहान होड्या नीट पाहा. काही होड्यांच्या मागच्या बाजूला, बाहेरून अडकवलेले इंजिन दिसेल. काम झाले की ते काढून खांद्यावरून घरी नेता येते. असे इंजिन ओले एविनरूड यांच्याआधीही काहींनी बनवले होते. पण ते सामान्य माणसाच्या उपयोगाचे केले ते ओले यांनी.

ओले यांचा जन्म १८७७ साली नॉर्वे देशात झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात शेती करू लागले. ओले यांचे मन मात्र यंत्रांत रमे. सोळाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री पुस्तके, असा त्यांचा क्रम होता. पुढे मिलवॉकी शहरात त्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला. तेथे त्यांची बेस यांच्याशी ओळख झाली व पुढे विवाह झाला.

एक गोष्ट नेहमी सांगतात. कडक उन्हाळ्यात हे दोघे मित्रांसह तळ्यावर सहलीला गेले होते. बेस यांना आईस्क्रीम खावेसे वाटले. ओले होडी वल्हवत पलीकडच्या काठावर गेले. परत येईपर्यंत आईस्क्रीम वितळून गेले होते! वल्हे मारून थकलेल्या ओले यांच्या मनात तेव्हाच इंजिनाचा विचार आला म्हणे.

१९०९ साली त्यांचे इंजिन विक्रीला आले. त्याचे वजन सुमारे २८ किलो आणि शक्ती दीड अश्वशक्ती होती. वरचे जड चाक हाताने फिरवून ते चालू करावे लागे. चाक उलटे फिरले, तर बोटांना चांगलाच मार बसे! इंजिनाची शक्ती उभ्या दांड्यातून खाली जाई आणि पाण्यातला पंखा फिरे. हिशेब, पत्रे आणि जाहिराती बेस सांभाळत. माझ्या मते या यशात त्यांचा वाटा निम्मा तरी होता.

असे जुने इंजिन जोर करीनासे झाले, तर काय करावे? जाणता मिस्त्री लगेच सारे इंजिन उघडत नाही. तो प्रथम स्पार्क प्लग काढून पाहतो. या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, म्हणून प्लगवर काजळी धरते आणि ठिणगी नीट पडत नाही. मग तो पेट्रोलची वाट पाहतो; शिळे पेट्रोल आणि कचरा यांनी कार्बोरेटरचे बारीक भोक बुजते. तेही ठीक असेल, तर पाणी. इंजिन गार ठेवणारे पाणी बाहेरूनच येते. त्याच्या तोंडाशी शेवाळ अडकले, की इंजिन तापते. एवढे करूनही जोर येत नसेल, तर पिस्टनच्या कड्या झिजल्या असाव्यात. आतली हवा नीट दाबली जात नाही, मग शक्ती कोठून येणार?

१९१४ साली बेस आजारी पडल्या. कारखाना जोरात चालला होता, तरी ओले यांनी आपला हिस्सा भागीदाराला विकला. पाच वर्षे हा धंदा करायचा नाही, असा करार झाला होता. ओले पत्नीला घेऊन प्रवासाला निघाले.

पण डोके स्वस्थ बसेना. त्यांनी ॲल्युमिनियमचे, दोन सिलिंडरचे नवे इंजिन तयार केले. ते सुमारे २२ किलोचेच होते, तरी त्याची शक्ती तीन अश्वशक्ती होती. जुन्या भागीदाराने ते नाकारले. तेव्हा ओले आणि बेस यांनी एल्टो नावाची नवी कंपनी काढली. तिचे हलके इंजिन लोकांना आवडले. १९२९ साली एल्टो आणि जुनी एविनरूड कंपनी यांचे एकत्रीकरण झाले व ओले तिचे प्रमुख झाले.

१९३३ साली बेस वारल्या. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५७व्या वर्षी, ओले यांचे निधन झाले. एविनरूड नावाची इंजिने त्यानंतरही ८० वर्षांहून अधिक काळ बनत राहिली; २०२० साली त्यांचे उत्पादन थांबले.