एड्सखर डाइक्स्ट्रा

एड्सखर वीबे डाइक्स्ट्रा (११ मे, इ.स. १९३० - ६ ऑगस्ट, इ.स. २००२) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. एकच स्मृती वापरणाऱ्या अनेक प्रक्रियांनी परस्परांच्या कामात बिघाड न करता कसे चालावे, या प्रश्नाचा पाया त्यांनी घातला. इ.स. १९७२ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले.

जीवन

डाइक्स्ट्रा यांचा जन्म रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितज्ञ होती. लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असताना इ.स. १९५१ मध्ये त्यांनी केंब्रिज येथे प्रोग्रॅमिंगचा अभ्यासवर्ग पूर्ण केला. इ.स. १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करू लागले. इ.स. १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी सांगितलेला प्रोग्रॅमर हा व्यवसाय अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. त्यामुळे नोंद सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी झाली.

कार्य

एक्स-१ या संगणकात इंटरप्टची सोय होती. बाहेरील उपकरणाने इशारा देताच चालू काम कोणत्याही क्षणी थांबत असे. त्यामुळे घडणारी चूक पुन्हा तशीच घडेल याची शाश्वती नव्हती. अशी चूक चाचणीने सापडत नाही. म्हणून आज्ञावलीची अचूकता तर्कानेच सिद्ध केली पाहिजे, या मतापर्यंत ते आले. इ.स. १९५९ चा त्यांचा पीएच.डी. प्रबंध याच संगणकासंबंधी आहे.

दोन प्रक्रियांपैकी एका वेळी एकीलाच सामाईक माहिती हाताळू देण्याची रीत त्यांचे सहकारी थेओडोरस डेकर यांनी शोधली होती. डाइक्स्ट्रा यांनी इ.स. १९६५ मध्ये ती कितीही प्रक्रियांसाठी विस्तारली. त्यासाठी स्मृतीतील एका शब्दाचे वाचन किंवा लेखन अविभाज्य असते, हे गृहीतक त्यांनी स्पष्टपणे मांडले.

त्याच काळात त्यांनी सेमाफोर ही संकल्पना मांडली. हे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून आले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जलंब-खामगाव यासारख्या एकेरी लोहमार्गाचा विचार केल्यास ती समजते. दोन्ही टोकांच्या चालकांनी मार्ग मोकळा आहे असे एकाच क्षणी पाहिले आणि नंतर आपापली गाडी सोडली, तर टक्कर अटळ आहे. म्हणून मार्ग मोकळा आहे हे पाहणे आणि तो अडवणे ही एकच अखंड क्रिया असावी लागते. सेमाफोरमधील 'पी' ही क्रिया मार्ग अडवते व 'व्ही' तो मोकळा करते. मार्ग अडलेला असल्यास प्रक्रिया थांबून राहते. इ.स. १९६२ पासून आइंटहोव्हन येथे प्राध्यापक असताना त्यांनी विकसित केलेल्या 'टीएचई' या कार्यप्रणालीत सेमाफोर वापरले गेले.

आजच्या प्रक्रियकांमधील महत्त्व

आधुनिक प्रक्रियक वेगासाठी स्मृतीवरील क्रियांचा क्रम बदलतात. एखादे लेखन तात्पुरत्या साठ्यात राहते आणि त्यानंतरचे वाचन आधी पूर्ण होते. अशा वेळी दोन प्रक्रिया आपापली खूण लिहूनही दुसरीची खूण पाहू शकत नाहीत आणि दोघीही आत शिरतात. म्हणून डेकर व डाइक्स्ट्रा यांच्या रीती आज जशाच्या तशा चालत नाहीत. लेखन आणि वाचन यांच्यामध्ये मेमरी बॅरियर ठेवावा लागतो. प्रक्रियकांनी अखंड अदलाबदलीसाठी दिलेल्या ॲटॉमिक सूचनाही वापरल्या जातात. सिद्धतेतील तर्क आजही बरोबर आहे, परंतु ज्या गृहीतकावर तो उभा होता ते यंत्राने मोडले. गृहीतक उघडपणे लिहिलेले असल्यामुळे दोष नेमका कोठे येतो हे ओळखता येते.

उत्तरायुष्य

इ.स. १९८४ ते १९९९ या काळात ते अमेरिकेतील ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी शाईच्या पेनाने लिहिलेली, क्रमांक घातलेली तेराशेहून अधिक टिपणे उपलब्ध आहेत. नेदरलँड्समधील न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वितरित संगणनातील एका प्रतिष्ठित पारितोषिकास इ.स. २००३ पासून त्यांचे नाव देण्यात आले आहे.