डॉक्टर रॉबर्ट स्मिथ : दारूच्या पाशातून सुटलेला वैद्य

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांचे पराक्रम आपल्या डोळ्यांत भरतात. त्यांचे पतन बहुधा झाकलेले असते. ज्या गृहस्थाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्याने आपले पतन लपविले नाही. किंबहुना ते मोकळेपणाने सांगणे हेच त्याच्या लोकसेवेचे मुख्य साधन झाले.

रॉबर्ट स्मिथ यांचा जन्म अमेरिकेतील व्हर्माँट संस्थानात, सेंट जॉन्सबरी या गावी, ८ ऑगस्ट १८७९ रोजी झाला. घर सुखवस्तू, धर्मशील व कडक शिस्तीचे होते. परंतु डार्टमथ कॉलेजात असताना त्यांना दारूचा नाद लागला. पुढे ते वैद्यक शिकू लागले. पण शिकागो येथे अखेरच्या परीक्षेच्या वेळी हात इतके थरथरत होते की, त्यांना कोऱ्याच वह्या परत द्याव्या लागल्या. काही महिने मद्यावाचून काढल्यावर १९१० साली त्यांना पदवी मिळाली. ओहायो संस्थानातील अॅक्रन शहरी त्यांनी व्यवसाय मांडला, १९१५ साली अॅन रिप्ली या सुशील स्त्रीशी विवाह केला आणि शस्त्रवैद्य म्हणून नाव मिळविले.

तथापि व्यसन सुटले नाही. कोळशाच्या पेटीत, तळघराच्या तुळयांवर, अशा नाना ठिकाणी ते बाटल्या दडवून ठेवीत. पत्नी व दोन मुले यांना दिलेली वचने ते दर वेळी मनापासून देत व दर वेळी मोडीत. रोगी कमी झाले, कर्ज वाढले. दुसऱ्यांचे रोग बरे करणाऱ्या या वैद्याला स्वतःच्या रोगावर औषध सापडेना. १९३३ पासून ते पत्नीसह एका धार्मिक मंडळाच्या सभांना जात, ग्रंथ वाचीत, प्रार्थना करीत. पण पिणे चालूच राहिले.

१९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन नावाचे गृहस्थ व्यापाराच्या कामासाठी अॅक्रनला आले होते. त्यांनी पाच महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. काम फसले, खिसा रिकामा झाला, आणि हॉटेलातील मद्यगृहाचा गलबला कानी पडू लागला. मन डळमळू लागताच त्यांना एक गोष्ट उमगली : आपण शुद्धीवर राहावयाचे, तर दुसऱ्या एखाद्या मद्यपीडिताशी बोलले पाहिजे. परक्या शहरात असा मनुष्य कोठे शोधावा? त्यांनी एका धर्मोपदेशकास टेलिफोन केला. त्याने काही नावे दिली. त्यांतून विचारीत विचारीत ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले. या बाई स्मिथ दांपत्याच्या स्नेही होत्या. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्यांच्या घरी दोघांची गाठ पडली.

डॉक्टर केवळ पंधरा मिनिटे बसण्याच्या अटीवर आले होते. ते उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. विल्सन यांनी उपदेश केला नाही. त्यांनी स्वतःची दुर्दशा सांगितली. आपला रोग ज्याने स्वतः भोगला आहे असा मनुष्य डॉक्टरांना प्रथमच भेटत होता. शिवाय तो त्यांच्यावर उपकार करावयास नव्हे, तर स्वतःसाठी साह्य मागावयास आला होता.

यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. परिषदेसाठी बाहेरगावी गेले असता ते पुन्हा प्याले. १० जून १९३५ रोजी त्यांना एक शस्त्रक्रिया करावयाची होती. हात स्थिर राहावा म्हणून विल्सन यांनी त्यांना बिअरची एक बाटली दिली. तीच त्यांची अखेरची दारू ठरली. शस्त्रक्रिया आटोपल्यावर ते कित्येक तास घरी आले नाहीत. सर्वांना भीती वाटली. परंतु ते सावकारांच्या व दुखावलेल्या माणसांच्या दारी जाऊन आपल्या चुकांची भरपाई करण्याची तयारी दाखवीत हिंडत होते.

त्याच महिन्यात दोघांनी इस्पितळातील तिसऱ्या मद्यपीडितास गाठले, आणि मंडळ वाढू लागले. १९३९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यावरून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ हे नाव रूढ झाले. येथे वर्गणीची सक्ती नाही व कोणाचे नाव बाहेर फुटत नाही. डॉक्टरांनी सिस्टर इग्नेशिया या जोगिणीच्या साह्याने सेंट टॉमस इस्पितळात हजारो रुग्णांची शुश्रूषा केली. स्वतःचे मानधन घेतले नाही. अॅनबाईंनी घराचे दार अशा आजाऱ्यांना सदैव उघडे ठेवले. त्या १९४९ साली वारल्या. डॉक्टरांनी १६ नोव्हेंबर १९५० रोजी देह ठेवला. मागची पंधरा वर्षे त्यांनी मद्याला स्पर्श केला नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्राचा बोध केवळ दारू वाईट एवढाच नाही. तो तर डॉक्टरांनाही आधीपासून ठाऊक होता. एकट्याच्या निश्चयाने जे साधले नाही, ते समदुःखी माणसाच्या संगतीने साधले, हे यातील मर्म होय. असे मेळावे आज मुंबई, पुणे, गोवा येथेही भरतात. व्यसनी मनुष्याच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ व मुलांसाठी ‘अलाटीन’ अशी वेगळी मंडळेही पुढे निघाली. ज्या घरात हे दुःख आहे, तेथील मुलांनी ते आपले पाप समजू नये व एकट्याने सोसू नये. विश्वासाच्या शिक्षकाला, डॉक्टराला किंवा वडीलधाऱ्या माणसाला जवळच्या मंडळाचा पत्ता विचारावा. विल्सन यांनी परक्या गावी टेलिफोन उचलून हेच केले होते. त्या एका विचारपूशीतून प्रथम दोन संसार सावरले, आणि पुढे असंख्य.